नाकातील दऱ्याखोऱ्यांचा नकाशाकार

खास प्रतिनिधी, ठाणे

मुरबाडहून कल्याणला येणाऱ्या एसटीत किंवा आसनगाव स्थानकात मुंबईच्या लोकलची वाट पाहणाऱ्या गर्दीत हातात मोठे चौकोनी पाकीट जपून धरलेला एखादा प्रवासी हमखास दिसतो. पाकिटात सीटी स्कॅनची फिल्म असते आणि प्रवासी ठाण्याच्या किंवा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाकडे निघालेला असतो. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत पावसाळा दमट, भाताच्या झोडणीच्या दिवसांत हवेत तूस आणि उन्हाळ्यात वीटभट्ट्यांची राख व धूळ. नाक चोंदणे, कपाळ ठणकणे, वास न येणे या तक्रारी येथे घरोघरी ऐकू येतात. वाफारा, ओवा, नीलगिरीचे तेल असे सारे उपाय करून झाले की कोणीतरी नाकाचे हाड वाढल्याचे निदान करतो आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचते.

नाक, कान व घसा यांचा शल्यविशारद ती फिल्म प्रकाशासमोर धरतो आणि काही मिनिटे न बोलता पाहत राहतो. रोग किती पसरला आहे एवढेच तो पाहत नसतो. या माणसाचे नाक आतून इतरांपेक्षा कोठे वेगळे आहे, याचाही तो शोध घेत असतो. कोणते हाड पोकळ आहे, कोणती पोकळी भलत्याच ठिकाणी वाढली आहे, मेंदूखालचा पातळ पत्रा किती खोल उतरला आहे, याची एक यादी त्याच्या मनात तयार असते. या यादीचा मोठा भाग सव्वाशे वर्षांपूर्वी व्हिएन्नातील एका शरीररचनाशास्त्रज्ञाने घालून दिला. सीटी स्कॅन त्यांच्या स्वप्नातही नव्हता. त्यांचे नाव एमिल झुकरकांडल.

हंगेरीतून व्हिएन्नाकडे

झुकरकांडल यांचा जन्म १ सप्टेंबर १८४९ रोजी हंगेरीतील ग्यॉर या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. जर्मन भाषिक त्या गावाला राब म्हणत. त्यांचे धाकटे बंधू ओटो पुढे मूत्रमार्गाचे नामांकित शल्यविशारद झाले, तर व्हिक्टर या बंधूंनी उद्योगात नाव कमावले. एमिल वैद्यकीय शिक्षणासाठी व्हिएन्नाला आले तेव्हा तेथील विद्यापीठात जोसेफ हिर्टल यांचा दबदबा होता. शरीरातील पोकळ्या व वाहिन्या यांत द्रव ओतून त्यांचे साचे काढण्यात हिर्टल यांचा हात धरणारा युरोपात कोणी नव्हता. शरीराचा अवयव भरीव भागावरून ओळखायचा तसा त्यातील रिकाम्या जागेवरूनही ओळखायचा, ही दृष्टी झुकरकांडल यांना या गुरूकडून मिळाली असे म्हणावयास हरकत नाही.

१८७४ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राची पदवी मिळाली. हॉलंडमध्ये काही काळ काम करून ते व्हिएन्नाच्या शरीररचना संस्थेत साहाय्यक म्हणून रुजू झाले. त्याच सुमारास एक मोठे काम त्यांच्या वाट्याला आले. ऑस्ट्रियाचे नोव्हारा हे जहाज १८५७ ते १८५९ या काळात जगाची प्रदक्षिणा करून आले होते आणि त्याने देशोदेशीच्या मानवी कवट्या जमा करून आणल्या होत्या. या कवट्यांचे वर्णन झुकरकांडल यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केले. परमुलखातील मृतांच्या कवट्या अशा रीतीने उचलून आणण्यावर आज गंभीर आक्षेप घेतले जातात आणि ते रास्तही आहेत. पण त्या तरुणाला या कामाने एक गोष्ट शिकवली असावी. कवटी ही एकच एक वस्तू नाही. दोन कवट्या बाहेरून सारख्या भासल्या तरी आतून सारख्या नसतात.

आतल्या नाकाची ओळख

नाकावरील शस्त्रक्रियेच्या इतिहासात महाराष्ट्राचे नाव आदराने घेतले जाते. टिपू सुलतानाच्या सैनिकांनी ज्याचे नाक कापले होते त्या कावसजी नावाच्या गाडीवानाला १७९३ च्या सुमारास पुण्यात एका देशी कारागिराने कपाळाच्या कातड्याचे नवे नाक बसवून दिले. दोन इंग्रज वैद्यांनी ती क्रिया पाहिली, १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात तिचा वृत्तान्त छापून आला आणि युरोपातील प्लास्टिक सर्जरीला चालना मिळाली. मात्र हे सारे बाहेरच्या नाकापुरते होते. आतल्या नाकाविषयी वैद्यांचे ज्ञान त्यानंतरही अनेक दशके तुटपुंजेच राहिले.

आपल्या चेहऱ्याच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात. दोन गालांत, दोन कपाळात, दोन नाकाच्या अगदी मागे कवटीच्या तळाशी आणि दोन डोळ्यांच्या मध्ये चाळणीसारख्या हाडात मधमाशीच्या पोळ्याप्रमाणे अनेक लहान कप्पे. यांनाच सायनस म्हणतात. बोलीत आपण आजारालाच सायनस म्हणतो, पण मुळात तो जागेचा शब्द आहे. या प्रत्येक पोकळीतील ओलावा बारीक छिद्रावाटे नाकात उतरतो. छिद्र बुजले की पाणी तुंबते, त्यात जंतू वाढतात आणि दुखणे सुरू होते.

पोकळ्या आहेत हे शरीररचनाकारांना ठाऊक होते. सतराव्या शतकात इंग्लंडच्या नॅथनिएल हायमोर यांनी गालातील पोकळीचे वर्णन करून ठेवले होते. परंतु या पोकळ्यांची दारे नेमकी कोठे उघडतात, दारासमोर हाडाचे कोणते पडदे असतात आणि माणसागणिक त्यात काय फरक पडतो, याचा पद्धतशीर अभ्यास झाला नव्हता. झुकरकांडल यांनी तो हाती घेतला. एकामागून एक मृतदेहांची शिरे वेगवेगळ्या दिशांनी छेदून ते आतील रचना पाहत, मोजत आणि चित्रकाराकडून रेखाटून घेत. १८८२ मध्ये नाकाची पोकळी व तिला जोडलेले हवेचे कप्पे यांची निरोगी आणि रोगट रचना सांगणारा त्यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांना ग्रात्स विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. ग्रंथाचा दुसरा खंड १८९२ मध्ये आला. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी मुंबईला मिळू लागले तेही याच वर्षी. तानसाच्या अभियंत्यांना पाण्याची वाट जितकी काटेकोर आखावी लागली, तितक्याच काटेकोरपणे झुकरकांडल यांनी नाकातील निचऱ्याची वाट आखली.

अपवादांची नोंद

त्या ग्रंथाचे खरे मोल त्यातील अपवादांत आहे. त्या काळी पाठ्यपुस्तकांतून एक आदर्श नाक रंगवले जाई. झुकरकांडल यांनी आदर्शाबरोबरच वेगळेपणही तितक्याच आस्थेने नोंदवले. नाकाच्या बाजूच्या भिंतीवर शिंपल्यासारखी वळलेली तीन हाडे असतात. त्यांपैकी मधले हाड काही जणांत भरीव नसते, फुग्याप्रमाणे हवेने भरलेले असते आणि शेजारची वाट अडवते. काही जणांत तेच हाड उलट्या बाजूला वळलेले असते. नाकाचा मधला पडदा सरळ असलेला माणूस तर विरळाच. लोक ज्याला हाड वाढणे म्हणतात ते बहुतेक वेळा वाढलेले हाड नसते, एका अंगाला कललेला पडदा असतो. गालाच्या पोकळीला नैसर्गिक दाराखेरीज आणखी एखादे आगाऊ छिद्र असू शकते. कपाळातील दोन पोकळ्या क्वचितच सारख्या असतात आणि एखाद्या माणसात त्यांपैकी एक अजिबात नसते. नाकातील कोंब बहुधा चाळणीच्या हाडाच्या अरुंद फटींच्या व छिद्रांच्या काठी रुजतात, हेही त्यांच्या लक्षात आले.

असे निरीक्षण पाच-दहा देह पाहून होत नाही. त्यासाठी शेकडो देह लागतात. व्हिएन्नाच्या विशाल सार्वजनिक रुग्णालयात मरण पावणारे आणि ज्यांच्या अंत्यविधीला कोणी पुढे येत नसे असे गोरगरीब शेवटी शरीररचना संस्थेच्या टेबलावर येत. त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. त्या ग्रंथातील प्रत्येक रेखाचित्रामागे एक निनावी चेहरा आहे, हे विसरता येत नाही.

प्रयोगशाळा आणि दिवाणखाना

ग्रात्समध्ये असतानाच १८८६ मध्ये झुकरकांडल यांचा विवाह बेर्टा सेप्स यांच्याशी झाला. बेर्टा या व्हिएन्नातील उदारमतवादी वृत्तपत्राचे संपादक मोरिट्झ सेप्स यांच्या कन्या. त्या स्वतः पुढे पत्रकार व कलासमीक्षक म्हणून गाजल्या. त्यांच्या भगिनीचा विवाह फ्रान्सचे भावी पंतप्रधान जॉर्ज क्लेमेन्सो यांच्या बंधूंशी झाला होता. १८८८ मध्ये झुकरकांडल व्हिएन्ना विद्यापीठात शरीररचनेचे प्राध्यापक म्हणून परतले आणि या दांपत्याचे घर शहरातील बुद्धिमंतांचे भेटीचे ठिकाण झाले. संगीतकार गुस्ताव माहलर आणि त्यांची भावी पत्नी आल्मा यांची ओळख १९०१ मध्ये याच घरच्या भोजनप्रसंगी झाली. शिल्पकार रोदँ हेही येथे येऊन गेले.

चित्रकार गुस्ताव क्लिम्ट या वर्तुळातील महत्त्वाचे नाव. विद्यापीठासाठी त्यांनी काढलेले वैद्यकशास्त्राचे चित्र १९०१ मध्ये प्रदर्शित झाले तेव्हा मोठे वादळ उठले. रोगी, गर्भवती आणि मृत्यू यांची ती सरमिसळ पाहून अनेक प्रतिष्ठित चिडले. झुकरकांडल यांनी मात्र चित्रकारांसाठी आपल्या संस्थेचे दार उघडले. क्लिम्ट यांना त्यांनी शवविच्छेदन पाहू दिले, कलावंतांसाठी व्याख्याने दिली आणि सूक्ष्मदर्शकाखालील पेशींची दुनिया दाखवली. क्लिम्ट यांच्या नंतरच्या चित्रांतील सोनेरी वस्त्रांवर जे गोल व लंबगोल आकार दिसतात, त्यांत या व्याख्यानांचा ठसा कित्येक अभ्यासकांना जाणवतो.

शास्त्रातील काम यामुळे मंदावले नाही. महारोहिणीच्या शेजारील ज्या ग्रंथिसदृश पेशीपुंजांना आज त्यांचे नाव आहे, ते त्यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या मागील उंचवट्याचे वर्णन केले. गलगंडाची शस्त्रक्रिया करताना आवाजाची नस सहसा या उंचवट्याच्या आसपास सापडते. म्हणून आजही शल्यविशारद तो उंचवटा वाटाड्यासारखा वापरतात. मूत्रपिंडामागील पातळ आवरणालाही त्यांचे नाव आहे. नाक असो की गळा, त्यांच्या कामाचे सूत्र एकच दिसते. शस्त्र कोठे फिरवू नये हे कळण्यासाठी तेथे काय दडले आहे हे आधी कळले पाहिजे.

ज्या व्हिएन्नात ते मानाच्या पदावर होते, त्याच शहरात ज्यूंविरोधी राजकारणही जोर धरत होते. १८९७ पासून महापौरपदी असलेले कार्ल लुएगर यांनी त्या द्वेषावरच आपले बस्तान बसवले होते. १९१० च्या मार्चमध्ये लुएगर यांचे निधन झाले आणि २८ मे रोजी झुकरकांडल यांचे. ते साठ वर्षांचे होते.

ग्रात्सला परतलेला वारसा

झुकरकांडल यांच्या हयातीतच त्यांच्या नकाशावर शस्त्रक्रिया उभ्या राहू लागल्या होत्या. व्हिएन्नातील मार्कुस हायेक यांनी नाकाच्या पोकळ्यांच्या विकारांवर लिहिलेला ग्रंथ अनेक वर्षे प्रमाण मानला गेला. परंतु नकाशा असूनही वाट अंधारीच होती. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, तरी साध्या क्ष-किरण चित्रात चाळणीच्या हाडाचे कप्पे एकमेकांवर पडून धूसर दिसत. जंतुनाशक औषधे नव्हती. हाताच्या अंदाजाने केलेल्या शस्त्रक्रियेत दृष्टी जाणे, मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळणे, मेंदूज्वर होणे असे अनर्थ घडत. अनेक शल्यविशारदांनी नाकाच्या आतून जाण्याचा मार्गच वर्ज्य मानला आणि ओठाखालून किंवा भुवईवर छेद घेऊन काम भागवले.

हा मार्ग पुन्हा खुला झाला तो झुकरकांडल जेथे प्राध्यापक झाले होते त्याच ग्रात्स शहरात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी तेथे दुर्बिणीतून नाकातील ओलाव्याचा प्रवास पाहिला. इंग्लंडमधील हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या नव्या भिंगरचनेमुळे दुर्बिणीतील दृश्य स्वच्छ झाले होते. पोकळीतील केसाळ अस्तर ओलावा नेहमी नैसर्गिक दाराकडेच वाहून नेते, बाजूला दुसरे मोठे छिद्र पाडले तरी तो वळसा घालून जुन्या दाराकडेच जातो, असे त्यांना आढळले. या एका निरीक्षणाने शस्त्रक्रियेची दिशा पालटली. अस्तर खरवडून काढण्याऐवजी अडलेले दार मोकळे करणे हे ध्येय ठरले. ग्रात्सचे हाइन्झ स्टामबर्गर आणि अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत जगभर नेली. त्याच सुमारास सीटी स्कॅनने जिवंत माणसाच्या चेहऱ्याचे छेद दाखवायला सुरुवात केली. झुकरकांडल यांनी करवतीने जे पाहिले ते आता रेषही न उमटवता पाहता येऊ लागले.

फिल्मवर काय पाहतात?

म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी फिल्म वाचणे ही केवळ औपचारिकता नाही. चाळणीच्या हाडाचा सर्वांत मागचा कप्पा काही जणांत आणखी मागे सरकून डोळ्याच्या नसेला चिकटतो. बुडापेस्टचे अडॉल्फ ओनोडी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याचा सखोल अभ्यास केला आणि तो कप्पा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो ध्यानात न घेता पुढे गेलेले शस्त्र दृष्टी हिरावू शकते. डोळ्याच्या खोबणीखाली वाढलेला दुसरा एक कप्पा आल्ब्रेख्ट फॉन हालर यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. तो गालाच्या पोकळीचे दार अरुंद करतो. डोळा आणि नाक यांच्यामधील भिंत कागदाइतकी पातळ असते आणि काहींत तिला नैसर्गिक भगदाडही असते. नाकामागील खोल पोकळीतील आडवा पडदा कधी थेट मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीच्या भिंतीला जोडलेला असतो. तो ओढून मोडणे जिवावर बेतू शकते.

वास घेणाऱ्या नसा ज्या पन्हळीत विसावतात तिच्या खोलीची वर्गवारी १९६२ मध्ये झाग्रेबचे प्रेड्राग केरोस यांनी केली. ही खोली १ ते ३ मिलिमीटर असली तर पहिला प्रकार, ४ ते ७ असली तर दुसरा, आणि ८ ते १६ असली तर तिसरा. पन्हळ जितकी खोल, तितकी तिची बाजूची पातळ भिंत शस्त्राच्या वाटेत अधिक येते आणि मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो. डाव्या व उजव्या बाजूची खोली सारखी असेलच असे नाही. डावी बाजू निर्विघ्न पार पडली म्हणून उजवीवर तोच हात चालवणे चुकीचे ठरू शकते. काही मिलिमीटरचा हा हिशेब टेबलावर रुग्ण झोपवल्यानंतर करावयाचा नसतो.

येथेच शहापूर-मुरबाडच्या प्रवाशाचा संबंध येतो. पाड्यावरून निघून एसटी, मग लोकल, मग रुग्णालयातील रांग, यात एक दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी नव्याने स्कॅन काढा म्हटले की तो खर्च अनेकांना निरर्थक वाटतो, कारण आजार तर आधीच सांगून झालेला असतो. पण जुनी फिल्म अर्धवट असेल, उभे, आडवे व बाजूचे असे सर्व छेद तिच्यात नसतील, तर शल्यविशारद ती पुन्हा मागतो ते रुग्णाच्याच डोळ्यांसाठी. पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असेल तर खुणेची हाडे नाहीशी झालेली असतात आणि नव्या नकाशाची गरज अधिकच वाढते. याउलट, फिल्मवर एखादे वेगळेपण दिसले म्हणजे तो रोगच, असेही नव्हे. पोकळ हाड किंवा कललेला पडदा घेऊन असंख्य माणसे आयुष्यभर विनातक्रार जगतात. फिल्मवर वाकडे दिसते म्हणून कापायचे, हे झुकरकांडल यांच्या शिकवणीत बसत नाही.

उरलेल्या खुणा

झुकरकांडल गेल्यानंतर बेर्टा यांनी आपले घर व लेखणी दोन्ही जागती ठेवली. १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा व्हिएन्नात शिरल्या आणि त्यांना देश सोडावा लागला. पॅरिस, अल्जिअर्स आणि पुन्हा पॅरिस असा प्रवास करून १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. मार्कुस हायेक यांनाही १९३८ मध्येच लंडन गाठावे लागले. क्लिम्ट यांचे वैद्यकशास्त्राचे ते चित्र १९४५ मधील आगीत भस्मसात झाले. ज्या शहराने हे सारे घडवले त्यानेच ते उधळून लावले.

नातू मात्र वाचला. आजोबांचेच नाव धारण करणारे एमिल झुकरकांडल १९२२ मध्ये व्हिएन्नात जन्मले, अमेरिकेत लायनस पॉलिंग यांच्यासमवेत काम केले आणि प्रथिनांतील सूक्ष्म फरकांवरून जीवजाती परस्परांपासून केव्हा वेगळ्या झाल्या हे मोजण्याची पद्धत १९६० च्या दशकात मांडली. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. आजोबांनी हाडांतील वेगळेपण टिपले, नातवाने रेणूंतील.

नाणेघाटाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यातील गावांत जुने वाटाडे आहेत. पावसात कोणती घळ सुरक्षित आणि कोणती फसवी, हे ते ओळखतात, कारण त्यांच्या आधीच्या कित्येकांनी ती वाट चालून पाहिली आहे. शल्यविशारदाच्या हातीही अशीच पूर्वसूरींची वाट असते. ती आखणाऱ्याचे नाव ग्रंथांत राहिले. ज्यांच्या देहांवरून ती आखली गेली त्या व्हिएन्नाच्या गरिबांची नावे कोठेच नाहीत. आसनगावच्या फलाटावर पाकीट छातीशी धरून उभ्या असलेल्या आपल्या प्रवाशाचे डोळे शाबूत राहतात, त्यात त्या अनामिकांचाही वाटा आहे.